तुले काय कराना शे?

पारोळा तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. मूळ पत्र पाच पानी आहे. मतलबाचं तेवढं इथं ठेवते.

"ताई, मी एक्केचाळीस वर्षांचा. गावात छोटं मेडिकल दुकान आहे, पाच एकर शेती आहे. वीस वर्षांत एकही मतदान चुकवलं नाही. लोकसभेला मे महिन्याच्या उन्हात आईला मोटरसायकलवर बसवून नेलं. पण आता वीट आलाय. ज्याला मत दिलं तो दुसरीकडे गेला. ज्याच्या विरोधात दिलं तो त्याच्याच शेजारी जाऊन बसला. दिवसभर मोबाइलवर तेच, राजकारणाचे तीन ग्रुप आहेत. धाकट्या भावाशी ग्रुपवर जुंपली, दिवाळीपासून बोलणं बंद आहे. शेताला बांध एक, पण तो येताना दिसला की मी दुसऱ्या वाटेनं जातो. बायको म्हणते, टीव्ही बंद करा आणि गिऱ्हाईकाकडे बघा. गेल्या वर्षी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचं विचारलं, तर एक जण म्हणाला, 'तुले काय कराना शे? तू तुन्या गोया इक.' (तुला काय करायचंय? तू तुझ्या गोळ्या विक.) सगळे हसले. तेव्हापासून गेलो नाही. मला पक्षात जायचं नाही, उभं राहायची ऐपत नाही. मग साध्या माणसानं करायचं तरी काय? पुढच्या वेळी मत द्यायलाच जाऊ नये असं वाटतंय. चुकतंय का माझं?"

भाऊ,

तुमच्या पाच पानांत मी एक गोष्ट मोजली. जुनी सवय, आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासल्या. साडेचार पानं मुंबई-दिल्लीची आहेत. कोण कुणाला भेटला, कोण फुटला, कुठल्या चॅनेलवर कोण काय बोलला. पाण्याच्या टाकीला तीन ओळी. टाकी कधी मंजूर झाली, किती लिटरची, पैसे किती आले, काम कुठं अडलं, यातलं काहीच पत्रात नाही. ग्रामसभेत उभे राहिलात तेव्हाही ते तुम्हाला माहीत नसावं, असा माझा अंदाज आहे. म्हणून हसले. अपमान झाला तो झालाच, मी तो कमी लेखत नाही. पण ज्याच्या हातात कागद असतो त्याला गाव हसत नाही. शिव्या देईल, हसणार नाही.

आधी रागाचं बोलू. तो गिळून टाका असं मी सांगणार नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. त्यात एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर त्याला 'फूट' म्हणायची सोय होती. २००३ साली ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश लागतात, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन होणार असतील तर. एवढं करून २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यात काय झालं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. अपात्रतेचा निकाल विधानसभेच्या अध्यक्षांच्या हाती, आणि अध्यक्ष कुठल्यातरी पक्षाच्या तिकिटावरच निवडून आलेले. यावर पारोळ्यात बसून तुम्हाला-मला एकच इलाज आहे, तो पाच वर्षांतून एकदा येतो. मधल्या काळात रोज चार तास त्यावर जळणं म्हणजे क्रिकेटची मॅच बघणं. मॅच जरूर बघावी. पण बघून बघून दमलेला माणूस "मी फार खेळलो, आता निवृत्त होतो" म्हणायला लागला की मला मौज वाटते.

तुमच्या मताला वजन कुठं आहे ते बघायचं असेल तर गाड्या मोजा. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री सुरतहून, उधन्याहून गाड्या भरभरून माणसं गावात उतरतात. डिझेल कोणी टाकलं ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. खासदारकीला एवढ्या गाड्या येताना तुम्ही पाहिल्यात? उभा राहणारा माणूस पैसा उगाच ओतत नाही. लोकसभेला लाखाच्या लीडमध्ये तुमचं मत कोण शोधणार, पण वॉर्डात चार मतांनी माणूस पडतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मतं सारखी पडली तर चिठ्ठी काढतात, आणि पाच वर्षांचा कारभार एखाद्या शाळकरी पोरीच्या मुठीतून बाहेर येतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला ते रद्द झालं, २०२२ ला पुन्हा आलं. वर मुंबईत इतक्यांदा मन बदलतात, म्हणजे त्या खुर्चीत काहीतरी असणारच ना?

आणि तुम्हाला विटलेलं नेमकं तेच, जिथं तुमचं चालत नाही. जिथं चालतं तिथून तुम्ही एका हशाला घाबरून उठून आलात. रागावू नका. मोठ्या बहिणीनं बोलावं तसं बोलते.

आता टाकीकडे येऊ.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. १ मेला आपल्याकडे पारा चव्वेचाळीसवर, कोण येणार? गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल तेवढी माणसं हवीत. तुमच्या गावात चौदाशे मतदार धरले तर १५ टक्क्यांचे २१० होतात, म्हणजे १०० पुरतात. तेवढेही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सगळी मेख तिथं आहे.

मी पाहिलेली एक तहकूब सभा सांगते. गावाचं नाव नको. आमच्या शाळेच्याच वर्गात भरली होती. बाकं मागं सरकवलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचा तेराचा पाढा तसाच. सरपंच खुर्चीवर, बाजूला ग्रामसेवक, समोर सात माणसं, त्यातली दोन चहाच्या वासानं आलेली. पंचवीस मिनिटांत प्रोसिडिंग बुकात नऊ ठराव उतरले. नंतर शिपाई हजेरीचं रजिस्टर काखेत मारून गल्लीत निघाला. "सही करी दे व माय." कशावर करायची हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत सातांचे एकशे चार झाले. त्या नऊ ठरावांतला एक माझ्याच शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीचा होता. आणि मी? मी शेजारच्या वर्गात वह्या तपासत बसले होते. झेंडावंदन झालं, आपलं काम संपलं, या समाधानात. ती भिंत दुसऱ्या पावसाळ्यात कलली. तेव्हा बोलायला गेले तर मला ठरावाची तारीख दाखवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा इथंच होतात ना?"

म्हणून २६ जानेवारीच्या सभेची तयारी आजपासून करा. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागण्याच्या आधी एका कागदावर विषय लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. विषय एकच लिहा. टाकी, गटार, अंगणवाडीचे पत्रे, स्मशानाचा रस्ता असं सगळं एका कागदात कोंबलं की ते शेवटी "आयत्या वेळचे विषय" या गोणीत जातं आणि तोवर चहा येतो.

आणि जायच्या आधी घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती खिशात ठेवा. हसू नका. पहिला वार तिथूनच होतो. "आधी पट्टी भर, मंग बोल." मी भलेभले यावर खाली बसलेले पाहिलेत.

"टाकीचं काय झालं?" असं विचारू नका. त्याला "होईल ना भो" हे उत्तर तयार असतं. असं विचारा: कामाचं अंदाजपत्रक किती रुपयांचं? आजवर बिलं किती निघाली? काम पुरं करायची मुदत कोणती होती? याला आकडा द्यावा लागतो. आकडा नसेल तर "पुढील सभेत माहिती देण्यात येईल" असं प्रोसिडिंगला लिहून घ्या आणि लिहिलेलं तिथंच, सगळ्यांसमोर, वाचून दाखवायला सांगा. घरी गेल्यावर नको. घरी गेल्यावर काय लिहिलं जातं त्याचा मला अनुभव आहे. हे सगळं ग्रामसेवकाशी गोड बोलून करा. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असा शासनाचा आदेश आहे. गावात अजून कोणाच्या तोंडी बसलेला नाही.) बिचाऱ्याकडे दोन-दोन गावं असतात आणि दोन्हीकडचे पुढारी त्याच्याच मानेवर. व्यवस्थित लिहून आणलेला अर्ज बघून तो मनातून खूश होतो, दाखवत नाही एवढंच.

ज्या मोबाइलवर चार तास घालवता त्याच्यावरच ई-ग्रामस्वराज उघडून बघा. गावाचा विकास आराखडा, आलेला निधी आणि कुठल्या कामावर किती खर्च पडला ते तिथं दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. तुमच्या गावातल्या पेव्हर ब्लॉककडे बघत हा आकडा एकदा मनात म्हणा. टाकी जलजीवन मिशनची असेल तर मात्र ते काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडचं असू शकतं. मग सरपंचाशी भांडून उपयोग नाही, कागद तिकडे गेला पाहिजे. आधी हे शोधा. निम्मी भांडणं चुकीच्या दारात होतात.

एवढं करून आकडे आले नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो, जे आपल्यासारख्या पाच-पाच पानं लिहिणाऱ्यांना बरंच आहे. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकं, यांच्या प्रती मागा. "भ्रष्टाचार झाला आहे काय ते कळवावे" असं लिहू नका. त्याचं उत्तर देणं कोणावर बंधनकारक नाही आणि कोणी देतही नाही.

पण एक सावधगिरी. गावोगाव "आरटीआयवाला" ही आता शिवी झाली आहे, आणि ती फुकट झालेली नाही. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला फोन लावायचा आणि नंतर अर्ज गुंडाळायचा, हा धंदा करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या रांगेत तुम्हाला उभं करायला गाव टपलेलं असणार. त्यावर तुमच्याकडे चांगला उपाय आहे, तो म्हणजे दुकानाचा काउंटर. आलेली माहिती फाइलला लावून तिथं ठेवा, क्रोसिनच्या डब्याशेजारी. ज्याला वाचायची त्यानं वाचावी. सरपंचांच्या घरचं माणूसही औषधाला तुमच्याकडेच येतं, त्यांनाही वाचू द्या. ताप सगळ्या पक्षांच्या लोकांना येतो.

सभेला एकटे जाऊ नका. तिघं जा. एकटा माणूस उठून बोलला की गाव म्हणतं याला काहीतरी खाजवतंय. तिघं बोलले की म्हणतात, टाकीचं खरंच काहीतरी आहे बरं का.

तिघांतली एक व्यक्ती तुमच्या घरातच आहे. तुमच्या पत्रात वहिनी एकदाच येतात, टीव्ही बंद करा असं सांगायला. मला वाटतं सगळ्या पत्रातलं शहाणपणाचं वाक्य तेवढंच आहे. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, रात्री किती वाजता, कुठल्या गल्लीला आधी आणि कुठल्या गल्लीत हंडा भरायच्या आत जातं, हे तुम्हाला माहीत आहे की त्यांना? प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा नियम आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच भरते. त्यांच्या बचत गटातल्या दहा जणी उठून "आमची सभा कधी शे?" एवढं विचारायला गेल्या तरी पुढचं बरंच आपोआप हलतं. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्चीवर तिचं नाव आणि बोलायला तिचा नवरा, हा प्रकार अजून चालतो, पण दहा बायका समोर बसल्या की त्या नवऱ्यालाही जरा अवघड होतं. त्यांना "तू गोया इक" म्हणायची कोणाची छाती नाही.

धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या अंगाला राहणाऱ्या वाचकांसाठी मध्येच एक: तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात, असेल तर १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम तुमच्या ग्रामसभेला आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त हात देतात. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. त्यावर वेगळं पत्र आलं तर सविस्तर लिहीन.

"पक्षात जायचं नाही, उभं राहायची ऐपत नाही" असं लिहिलंत. नका जाऊ, नका उभे राहू. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुस्तकात त्यांचं नाव आहे, आणि असायलाच हवं. पण त्या थंडीत एवढ्या माणसांना पाणी कोणी पुरवलं, झोपायला जागा कोणी करून दिली, खरकटं कोणी उचललं? व्यासपीठावर चढलेल्यांपेक्षा ती माणसं कितीतरी पटींनी जास्त होती, आणि त्यातल्या कोणाला तिकीट नको होतं.

जिल्हा परिषदेचं थोडक्यात. तुमच्या गटाचा सदस्य कोण, पंचायत समितीच्या गणाचा कोण, हे दुकानात आलेल्या दहा जणांना विचारून बघा. आठ जणांना सांगता येणार नाही, आणि त्यांचाही दोष नाही. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं. इतकी वर्षं शाळेच्या पत्र्याचं, दवाखान्याचं गाऱ्हाणं घेऊन जायला निवडून दिलेला माणूसच नव्हता, आणि आपल्या तीन ग्रुपांवर त्याबद्दल कोणी एक ओळ टाकली नाही. मी असलेल्या ग्रुपवरही नाही. अशा वेळी निदान लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथं कैफियत घेतात आणि टोकन देतात.

आता मतदान. "जाऊ नये असं वाटतंय" हे वाचून मला माझी फजिती आठवली. मी तीन वर्षं बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, होते. घरोघर जाऊन याद्या केल्या, मेलेल्यांची नावं काढली, सासरी आलेल्या पोरींची घातली, लोकांना "यादीत नाव बघा" म्हणून कान किटेपर्यंत सांगितलं. निवृत्त झाले, गावाच्या पलीकडच्या कॉलनीत घर घेतलं. नाव हलवायचं राहून गेलं. मतदानाच्या दिवशी नेहमीच्या केंद्रावर गेले तर नाव वगळलेलं, कारण जुन्या घरी मी सापडले नव्हते. यादी घेऊन बसलेला माझाच विद्यार्थी. तीनदा बोट फिरवून बघितलं त्यानं. "बाई, तुमचंच नाव नाही?" बाहेर माझी भाची सेल्फी काढायला उभी होती. दिवसभर मी ते कोरं बोट पदरात लपवून फिरले.

तर आज रात्री टीव्ही लावायच्या ऐवजी घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत बघा. आईचं आधी. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८, नवं नाव घालायचं तर नमुना ६, कोणाचं वगळायचं तर ७. सतरा पूर्ण झालेल्या पोरापोरींना आगाऊ अर्ज करता येतो. नाव लागायला आता वर्षातून चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. अडलं तर १९५० वर फोन करा. आणि हे लक्षात ठेवा की ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच घेतो, ती फक्त प्रभागांत तोडतो. तोडताना अख्खी गल्ली शेजारच्या वॉर्डात जाते, कधी चुकून, कधी कोणाच्या सोयीनं. म्हणून प्रारूप यादी लागली की हरकतीच्या मुदतीत चष्मा लावून बघायची. मतदानाच्या दिवशी केंद्रावर आरडाओरडा करून काही होत नाही. मी आतल्या टेबलावर बसून पुष्कळ आरडाओरडा ऐकला आहे.

मतदानाला न जाणं हा निषेध आहे का? आहे, पण तुमच्या एकट्याच्या मनात. केंद्रावर त्याची नोंद फक्त "आला नाही" एवढी होते. राग होता की जुलाब, हे यंत्राला कळत नाही. २०१३ पासून 'नोटा'चं बटण आहे. विधानसभा-लोकसभेला त्यानं निकाल बदलत नाही, तरी निदान मोजलं जातं. मला स्वतःला ते बटण फारसं आवडत नाही, पण घरी बसण्यापेक्षा बरं. आपल्या राज्याच्या विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं केंद्र मणिबेली, नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवराचं पाणी चढलं, त्या गावाची जमीन गेली. आजही मतदानाचं पथक तिथं पाण्यातून बोटीनं यंत्र घेऊन जातं. रागवायला त्या लोकांना तुमच्या-माझ्याहून जास्त कारण आहे. तरी ते बोटाला शाई लावून घेतात.

मत देण्याआधी उमेदवाराचं शपथपत्र वाचा. आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. तोच उमेदवार २०१९ ला उभा असेल तर ते आणि २०२४ चं शेजारी शेजारी ठेवा. स्टॉकबुक तपासायची सवय आहे तुम्हाला, तफावत चटकन दिसेल. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर गुपचूप परत फिरू नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. तुम्हाला छापील मतपत्रिका मिळते आणि तुमचं मत वेगळ्या पाकिटात जातं. आणि दुसरी पाकिटं, आदल्या रात्रीची? लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल अ‍ॅपवर नाव न देता फोटो टाकता येतो, शंभर मिनिटांत कारवाईचा वायदा आहे. पण गावात राहून शेजाऱ्याच्या ओट्याचा फोटो काढणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. नाही जमलं तर स्वतःला खाऊ नका. तुमच्या घरात पाकीट येऊ दिलं नाहीत तरी गल्लीला कळतं.

राहता राहिला तुमचा भाऊ. माझ्या मते पत्राचं खरं दुखणं तेच आहे, म्हणून ते तुम्ही दोनच ओळींत उरकलंत. त्याला मेसेज करू नका. ग्रुपवर तर मुळीच नाही. तीनपैकी दोन ग्रुप सोडा, तिसरा सहा महिने म्यूट करा. माफी-बिफी मागत बसू नका, पुरुषांना ती धड मागता येत नाही आणि मग त्यातूनच नवं भांडण निघतं. सध्या वांग्यांचे दिवस आहेत. एखाद्या रविवारी शेतात काट्यांवर भरीत भाजा, वहिनींना कळण्याच्या भाकरी करायला सांगा, नाहीतर स्वतः थापा. आईला सांगून त्याला बोलवा. आईनं बोलावलं की तो येईल. तो आला की आमदार, खासदार, पक्ष हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. हात धुऊन झाल्यावर टाकीचा अर्ज त्याच्यापुढं ठेवा आणि म्हणा, बघ बरं, यात आकडा कुठं चुकलाय का. त्याच्या घरच्या नळालाही तुमच्याच टाकीचं पाणी येतं. चूक त्याला सापडेलच, धाकट्या भावांना सापडते. ती दुरुस्त करा आणि खाली दुसरी सही त्याची घ्या.

पुढच्या वेळी मत द्यायला जाऊ की नको, हे मला फेब्रुवारीत पुन्हा विचारा. पत्रासोबत प्रोसिडिंग बुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. अक्षर वाचता येईल अशी.